मेणाची शेवंता

एका राज्यात तुंगभान नावाचा राजा होता. मन मोठं होतं, पण जीभ त्याहून मोठी. हसू नका, हसणाऱ्याच्या तोंडात माशी जाते.

लेकीच्या, शेवंतेच्या वाढदिवसाला राजानं मधाची पोळी काढणाऱ्या गोजराला बोलावलं. "वडावरचं आग्या मोहोळ सबंध उतरव."

"महाराज, आम्ही मधाचा भाग तेवढा कापतो. पिलांचा भाग फांदीला ठेवतो. रीत आहे."

"रीत तुझ्या घरी. सबंध म्हणजे सबंध!"

गोजरा भ्याली. धूर दिला, कोयता चालवला, पोळं पिलांसकट उतरवलं. राजानं कोपरापर्यंत हात चाटले.

सकाळी शेवंतेची पावलं मेणाची. पिवळी, गुळगुळीत. दुपारी गुडघे मेणाचे. राजाचा जादूगार मंत्र म्हणायला बसला. पण कालचा मध दाढीत राहिलेला, मुंग्या लागल्या, उठून पळाला मेला. मेण वितळू नये म्हणून खिडक्या लावल्या, चुली विझवल्या. राणीनं पोरीला पोटाशी धरलं, तर पोरीच्या गुडघ्यावर आईची पाची बोटं उमटली. त्यापुढं राणीनं लेकीला हात लावला नाही. लांब बसून नुसती बघायची.

राजाला उतरवलेलं पोळं आठवलं, म्हणाला, "गोजरा, माश्या परत आण. उद्या दिवस बुडायच्या आत."

गोजरा धावत वडाखाली आली. फांदीवर वेडा राघू बसलेला, माश्या खाणारा.

"काय गं, माझंही ताट उचललंस?"

"राघूदादा, माश्या कुठं गेल्या?"

"तीन कामं कर. नाचणारीची वाट ओळख. धुराशिवाय जा. आणि राणीमाशी विचारेल ते खरं सांग. तिसरं तुला जड जाईल."

आडव्या फांदीवर मूठभर माश्या मागं राहिल्या होत्या. त्यातली एक शेपूट हलवत सरळ चालायची, वळायची, पुन्हा तीच रेघ धरायची. रेघ कड्याकडं होती. गोजरा रात्रभर कड्याकडं चालली. तिकडं मेण शेवंतेच्या कमरेशी आलं.

उजाडता कड्याला माश्यांचा काळा पडदा लोंबताना दिसला. धुराची चूड टाकून गोजरा उघड्या हातानं पुढं झाली. पडद्यातून आवाज आला, "फांदीला काय ठेवलंस?"

"काही नाही, राणीबाई."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"राजाच्या. पण कोयता माझ्या हातात होता."

"माझी पिलं पाहिलीस?"

"नाही. पाहिली असती तर हात चालला नसता."

मग राणीमाशी म्हणाली, "ज्यानं खाल्लं, त्यानं उरलेला मध ओंजळीत धरून फांदीखाली बसावं. उघड्या अंगानं. हलला तर आम्ही परत जाऊ."

गोजरानं परत येऊन निरोप सांगितला, तसा राजाला घाम फुटला. "सेनापती बसेल की!"

"सेनापतीची लेक मेणाची झालेली नाही, महाराज," गोजरा म्हणाली.

राजा बसला. ओल्या कापडात गुंडाळून शेवंतेला सावलीत ठेवलं. मेण गळ्याशी आलेलं. "बाबा," एवढंच म्हणाली, आणि ओठ पिवळे पडले.

आभाळ घोंघावलं. माश्या राजाच्या ओंजळीवर, दंडावर, पापण्यांवर बसल्या. राजा रडत होता, पण हलला नाही. त्यांनी शेवटचा थेंब चाटला आणि मोहरा शेवंतेकडं वळवला. राणीनं पदर तोंडात कोंबला. माश्यांनी मेण कुरतडलं, कण कण करून फांदीवर नेलं. आधी ओठ सुटले, मग गळा, मग हात. वर नवं पोळं लोंबू लागलं, खाली शेवंता सटकन शिंकली.

राजा आनंदानं उडाला. हलू नकोस म्हटलं होतं ना? एक माशी नाकावर बसली आणि डसली. नाकाचं वांगं झालं.

तेव्हापासून त्या राज्यात पिलांचा भाग फांदीलाच राहतो. राघूचंही पोट भरतं. शेवंतेच्या पायाच्या करंगळीचं नख मात्र मेणाचंच राहिलं. पंगतीत राजानं "सबंध आण" म्हणायला तोंड उघडलं, की ते नख मऊ पडतं. मग राणी नुसती लेकीचा पाय पुढं करते.

आणि राजा म्हणतो, "अर्धंच वाढा."