झाकली मूठ, उघडी सवय

फार फार पूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही अशा काळी, एका डोंगरावर दोन वाड्या होत्या. वरची गवळ्यांची, खालची मेंढपाळांची. मधे चाऱ्याचं कुरण एकच! ते वर्षभर कोणाचं, हे मुठीच्या खेळावर ठरायचं. डोकी फुटण्यापेक्षा खेळ बरा, असं जाणत्यांचं म्हणणं.

खेळ सोपा. कोंड्याने भरलेल्या मडक्यात कवड्या पुरलेल्या असत. दोघांनी एकेकदा हात घालायचा, लागतील तेवढ्या कवड्या मुठीत घ्यायच्या आणि आपल्या आपणच बघायच्या. दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकायचा. मग ज्याला वाटेल त्याने आणखी एक टाकून म्हणायचं, "वाढवला!" दुसऱ्याने "सोडला" म्हणून डाव द्यायचा, नाहीतर आपलाही एक टाकून म्हणायचं, "दाखव!" जास्त कवड्या त्याचा डाव. चिंचोके संपले, की कुरण गेलं.

वरच्या वाडीकडून एक गवळी खेळायचा. माणूस भला, पण भारी मानी. मूठ भरलेली असली तरच तो वाढवायचा. चार लोकांत हसं नको, म्हणून समोरच्याला "दाखव" कधी म्हणायचा नाही. खालच्या वाडीकडून एक म्हातारी यायची. त्याने वाढवलं, की ती मुकाट सोडायची. एरवी प्रत्येक डावाला तिचं आपलं एकच, "वाढवला!" आणि हा बापडा, "सोडला, आजी, सोडला."

उन्हं कलायच्या आत गवळ्याचे चिंचोके संपले. तेव्हा म्हातारीने शेवटची मूठ सगळ्यांसमोर उघडली.

रिकामी! चिमूटभर कोंडा, बस्स.

"आणि... आधीच्या?" गवळी चाचरला.

"त्याही बऱ्याचशा अशाच, बाबा."

रिकाम्या मुठींना भिऊन गवळ्याने अख्खं कुरण देऊन टाकलं होतं! त्या वर्षी त्याच्या लाडक्या चांदी गाईचं पोट खपाटीला गेलं. तिच्या बरगड्यांवरून हात फिरवताना त्याला रडू यायचं.

"यंदा बघतोच हिला," म्हणत तो दुसऱ्या वर्षी बसला. म्हातारीने वाढवलं, की हा गरजायचा, "दाखव!" म्हातारी मूठ उघडायची. सात कवड्या. पुढच्या वेळी आठ. मग नऊ! भरल्या मुठीशिवाय ती वाढवेचना. गवळी पांढराफटक पडला. "अरे देवा, ही बाई आहे की चेटकीण?" कुरण पुन्हा गेलं.

परतताना त्याने तिला वाटेत गाठलं. "आजी, माझ्या कपाळावर लिहिलंय का काही? मी काय करणार, ते तुम्हाला कळतं कसं?"

"मूठ तू घट्ट झाकतोस रे लेका, सवय मात्र उघडी टाकून बसतोस. आधी भ्यायचास, म्हणून मी थापा मारल्या. आता चिडतोस, म्हणून खरं बोलले."

गवळी वर्षभर हेच घोळवत राहिला. तिसऱ्या वर्षी तो आला तो चांदीला घेऊन. तिला समोर बांधलं आणि खेळायला बसला. भरल्या मुठीने तर वाढवायचाच, पण रिकाम्या मुठीने कधी वाढवायचा, कधी सोडायचा. म्हातारीने वाढवलं, की कधी "दाखव", कधी "सोडला". काही म्हणता काही पत्ता लागेना. म्हातारीला घाम फुटला.

शेवटी तिच्याकडे एकच चिंचोका उरला. गवळी म्हणाला, "वाढवला."

आत्ताच तर त्याने रिकाम्या मुठीने वाढवून तिला डाव सोडायला लावला होता, वर मूठ उघडून दाखवलीही होती! म्हातारीने चिंचोका आपटला. "दाखव!"

त्याने मूठ उघडली. अकरा कवड्या!

म्हातारीचा वासलेला आ मिटेना. "अरे, ठरवत होतास तरी कशावरून?"

"चांदीच्या शेपटीवरून, आजी. मन द्विधा झालं, की तिच्याकडे बघायचो. शेपटी उजवीकडे गेली तर पुढे, डावीकडे गेली तर मागे. मी काय करणार, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला कुठून कळणार?"

म्हातारीने कपाळावर हात मारला. चांदी मात्र दावं सोडताच कुरणात शिरली आणि दोन वर्षांची भूक भागवू लागली.

तात्पर्य: ज्याचं वागणं ठरलेलं, त्याची मूठ झाकलेली असूनही उघडीच.