आसंयची कोंड

जॅकेटचे पट्टे ओढून घ्या, वल्ही मांडीवर आडवी ठेवा आणि अजून कोणी काठ सोडू नका. दोन मिनिटं म्हाताऱ्याचं ऐकायचं आहे. मी यशवंत तारी. चाळीस वर्षं या खाडीवर होडीची तर चालवली, माणसं इकडची तिकडे केली. मग वर पूल झाला, तर बंद पडली, आणि आता मी तुमच्यासारख्यांना वल्हं कुठल्या बाजूने धरायचं ते शिकवतो.

तुमच्या पायाशी हे जे हिरवं, खोल पाणी दिसतं, त्याला आसंयची कोंड म्हणतात. खोरणेच्या खाडीत ओहोटी लागली की दोन्ही काठांना मांडीभर चिखल उघडा पडतो. इथे मात्र भर ओहोटीतही पुरुषभर पाणी असतं. म्हणून तर या शिबिरवाल्यांनी तंबू इथे ठोकले. सकाळी डोंगर, दुपारी कयाक, संध्याकाळी खाडीच्या मुखाशी समुद्र, हा तुमचा सगळा कार्यक्रम कागदावर छापलेला आहे. त्यात एक गोष्ट छापलेली नाही. इथून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, ‘जातो’ म्हणायचं.

बघा, ताईंचा चेहरा उतरला! घरी कोणी ‘जातो’ म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालते, ठाऊक आहे मला. जातो म्हणणारा परत येत नाही म्हणतात. माझ्या आईचा हातही काही हलका नव्हता. पण तीच आई या काठावर आली की ‘जातंय’ म्हणून होडीत पाय ठेवायची.

असं सांगतात की फार पूर्वी, डोंगरातून उतरायला फक्त पायवाट होती तेव्हा, या तरीवर सोनू तारी नावाचा माणूस होता. आमच्याच घराण्यातला. राहायचा पलीकडे बंदराच्या बाजूला. भरती चढली की होडी इकडे आणायची, ओहोटीने चिखल उघडा पडायच्या आत परत न्यायची, एवढंच त्याचं घड्याळ. कोंड तेव्हा नव्हती. एकदा पाणी उतरलं की पुढच्या भरतीपर्यंत हा काठ तुटलेला.

वर डोंगरात गवळी धनगरांची वस्ती होती. तिथला धाकू झोरे तूप घेऊन उतरायचा आणि मीठ, सुकी मासळी घेऊन चढायचा. सोनूची आणि त्याची चांगली गट्टी. ती पायवाट बघा, त्या मोठ्या किंजळाच्या झाडाशी वळते. वर जाणाऱ्याला खाडी शेवटची दिसते ती तिथून, आणि उतरणाऱ्याला पहिल्यांदा दिसते तीही तिथूनच. तिथे पोचलं की धाकू वळून ओरडायचा, “येतंय रे!” आणि खालून सोनू म्हणायचा, “ये, ये!” आपण सगळेच म्हणतो तसं. निघणारा येतो म्हणतो, राहणारा ये म्हणतो, आणि दोघांनाही कळतं की माणूस चालला आहे.

भाद्रपदाचे दिवस होते म्हणे. धाकूची बायको भागी, तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. आणि पोट फार खाली आलेलं. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, हे आपल्या हातचं नाही, बंदरावरच्या सुइणीकडे न्यायला हवं. धाकू पहाटेच्या भरतीला खाली आला आणि सोनूला सांगून गेला, की आज ना उद्या तिला घेऊन उतरतो. सोनू म्हणाला, “कधीय हाड. होडी तुझीच आसा.” कधीही आण, म्हणजे. धाकू चढून गेला, वळणावरून ओरडला, सोनूने उत्तर दिलं. तोवर सगळं रोजच्यासारखं.

वर पोचतो तर भागीला कळा सुरू झालेल्या. त्याने तिला घोंगड्याच्या डोलीत घातलं, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला त्याचा भाऊ, आणि तसेच उलट पावली निघाले.

दुपारची भरती येऊन उतरायला लागली होती. सोनूच्या होडीत बाजारची चार माणसं बसली होती, घाई करत होती. तेवढ्यात किंजळापासून हाक आली, “येतंय रे!”

झाडीमुळे माणूस दिसत नव्हता. सोनूला वाटलं, तूप विकून कोणी धनगर घरी चालला आहे. त्याने हात वर केला आणि नेहमीसारखं म्हणाला, “ये, ये!” मग बांबू टेकवून होडी लोटली.

वर धाकूने ते ‘ये’ ऐकलं. त्याला वाटलं, सोनू थांबला आहे. जीव भांड्यात पडला त्याचा. भावाला म्हणाला, आता धावायला नको, हिला धक्के बसतायत, सावकाश उतरू. मध्ये एकदा डोली खाली ठेवून भागीला पाणीसुद्धा पाजलं.

काठावर आले तर चिखल उघडा, आणि होडी पलीकडे काडीएवढी. दोघा भावांनी हाका मारल्या. पण वारा समुद्रावरचा, हाक मागेच यायची. भाऊ चिखलात उतरला, तो कमरेपर्यंत रुतला. त्याला ओढून काढता काढता दिवस मावळला.

पहाटेच्या भरतीवर सोनू आला. या खडकावर धाकू बसला होता. घोंगड्यात नुकती जन्मलेली मुलगी रडत होती, आणि बाजूला भागी, तोंडावरून पदर ओढलेला. मूल झालं, पण रक्त थांबलं नाही.

धाकूने आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. एवढंच म्हणाला, “तू ये म्हटलंस. म्हणान मी तिका हळू हळू हाडलंय.”

दोष कुणाचा धरायचा? एकाने येतो म्हटलं, दुसऱ्याने ये म्हटलं. दोघंही खरं बोलले होते.

त्या दिवसापासून सोनू पलीकडे राहायला गेलाच नाही म्हणे. या खडकाशी झोपडी बांधली. माणसं सोडून यायचा आणि पाणी असेल तोवर इकडे परतायचा. ओहोटीत होडी गाळात बसू नये म्हणून खडकाच्या बुडाशी टोपलीने गाळ उपसायचा. भरतीने खड्डा पुन्हा भरायचा, तो पुन्हा उपसायचा. लोक म्हणाले, तारी खुळावला. वर्षभर धाकू खाली उतरला नाही. तूप वस्तीतली दुसरी माणसं आणायची.

वर्ष झाल्यावर एका सकाळी तो आला. खांद्यावर मुलगी होती, बंदराच्या देवीला तिचं जावळ काढायचं होतं आणि होडीशिवाय वाट नव्हती. सोनूने त्यांना पलीकडे नेलं, परत आणलं. होडीतल्या बायका श्वास धरून बघत होत्या.

उतरून धाकू पायवाटेला लागला. सगळ्यांना वाटलं, हा न बोलताच जाणार. तो किंजळापाशी थांबला, वळला आणि मोठ्याने म्हणाला, “जातंय!”

“गे बाय माझे!” म्हणून एकीने तोंडावर हात घेतला. लेकरू खांद्यावर घेऊन असं अभद्र कोणी बोलतं? पण सोनूला समजलं. धाकूने त्याला असा शब्द दिला होता, ज्याचा दुसरा अर्थ होत नाही. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. पुन्हा तुझ्या होडीत बसेन, एवढं मात्र त्यात होतं.

सोनूच्या ओठावर सवयीने ‘ये’ आलं, ते त्याने गिळलं. मग म्हणाला, “आसंय!”

आसंय म्हणजे आहे. मी इथे आहे.

त्या रात्री खाडीने खडकाच्या बुडाशी स्वतःच तळ खणला आणि तो पुन्हा कधी भरला नाही, असं जुनी माणसं सांगायची. गेल्या वर्षी भूगोलाचे एक प्राध्यापक शिबिराला आले होते. ते म्हणाले, काका, वळणावर पाणी आपटतं म्हणून खड्डा पडतो. असेल. मी म्हटलं, पाणी आपटत होतं तर आधी का नाही पडला? त्यावर त्यांनी चहा मागितला.

आजही या काठावरून निघणारा जातो म्हणतो आणि राहणारा आसंय म्हणतो. आसंय म्हणणाऱ्याने तो माणूस परत दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, जेवायलासुद्धा. तुम्ही संध्याकाळी समुद्राकडून याल तेव्हा मी याच खडकावर सापडेन. आणि डोंगरातून ‘येतो’ अशी हाक आली, तर खाडीत असेल ती प्रत्येक होडी वळते.

दिवाळीत एक दंतवैद्य ट्रेकला निघाले. त्यांना हे सांगायचं राहून गेलं होतं. वळणावरून मोठ्या प्रेमाने ओरडले, “येतो हं, काका!” हाक तोंडातोंडी पुढे गेली आणि लिलावाला निघालेल्या मासळीच्या तीन होड्या मुखाशी पोचल्या होत्या, त्या माघारी फिरल्या. दोन तास इथे नांगर टाकून बसल्या, बर्फ वितळला, लिलाव चुकला. गृहस्थ तोवर वर धबधब्याखाली आंघोळ करत होते. संध्याकाळी त्यांना कळलं तेव्हा बिचारे हात जोडून होडीहोडीशी गेले. कोणी त्यांना एक वाकडा शब्द बोललं नाही. त्यांनी मला विचारलं, काका, मी निरोप घेतोय हे आवाजावरून कळलं असेल ना तुम्हाला? मग कशाला फिरलात?

कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. सोनूलाही तसंच कळलं होतं.