शंभर टक्के बंडूतात्या

एका गावात एक भोळा विद्यार्थी होता. गावाचं नाव खरबवाडी, विद्यार्थ्याचं नाव जालिंदर ढोबळे. भोळा म्हणजे किती भोळा? लहानपणी मास्तरांनी "उभा राहा" म्हटलं आणि "बस" म्हणायला विसरले, तर शाळा सुटून शिपायाने कुलूप लावेपर्यंत हा उभाच. पोरगा मनाने सोन्यासारखा. सांगितलेलं ऐकायचा. पंचाईत एवढीच, की फारच ऐकायचा.

त्याच गावात भाऊसाहेब शेलारांची कावेरी होती. ती विद्यापीठात शिकायची. जालिंदरला ती जिवापाड आवडायची, आणि नवल म्हणजे तिलाही तो आवडायचा. "त्याला खोटं बोलायची अक्कलच नाही," असं ती आईला सांगायची, आणि हे ती कौतुकाने सांगायची. भाऊसाहेब मात्र खमके. त्यांनी जालिंदरला ओट्यावर बोलावून स्वच्छ सांगितलं, "लेका, एम. ए. हो. चार शहाण्यांत बसायसारखा हो. मग सुपारी फोडू. न्हाईतर पोरीला दुसरं स्थळ बघतो."

झालं. जालिंदर विद्यापीठात दाखल झाला. विषय समाजशास्त्र. शिकवायला कोठावदे सर. सर विद्वान होते आणि त्यांचं रक्तदाब नावाचं दुखणं तोवर सुरू झालेलं नव्हतं.

सरांनी पहिला निबंध दिला, "ग्रामीण जीवन". पोरांनी पानंच्या पानं भरली. जालिंदरने लिहिलं, "बरं असतं." सरांनी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"हे काय आहे?"

"निबंध, सर."

"अरे, असं एकदम मुद्द्यावर येतात का? आधी प्रस्तावना हवी. विषय म्हणजे काय, त्याची व्याख्या. मग इतिहास. मग व्याप्ती. वाचणाऱ्याला हाताला धरून हळूहळू न्यायचं. मुद्दा अगदी शेवटी."

"चुकलो, सर. पुन्हा नाही होणार."

जालिंदरने मनाशी खूणगाठ बांधली. त्याची गाठ नेहमीच पक्की असायची.

रविवारी तो गावी आला. एस. टी.तून उतरून येताना बघतो तर काय, भाऊसाहेबांच्या रानात कडब्याची गंज पेटलेली! जालिंदर धावत सुटला. भाऊसाहेब ओट्यावर पान जमवत बसले होते.

"काय रे, धापा कशापायी टाकतोस?"

जालिंदरने श्वास सावरला, सदरा सारखा केला आणि सुरुवात केली. "भाऊसाहेब, अग्नी म्हणजे काय, ते आपण प्रथम पाहू."

"बघू की."

"अग्नीची व्याख्या अनेकांनी केली आहे. मानवाला अग्नीचा शोध फार पुरातन काळी लागला. तेव्हा माणूस गुहेत राहत असे आणि कच्चं मांस खात असे."

भाऊसाहेब खूश झाले. पोरगं शिकलं म्हणायचं! त्यांनी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये, जालिंदर काय बोलतोय ऐक. आणि येताना चहा आण."

चहा आला. जालिंदर तो फुंकून प्यायला आणि पुढे बोलू लागला. "आता व्याप्ती. अग्नी अनेक ठिकाणी आढळतो. चूल, समई, शेकोटी, वणवा..."

"वा!"

"आणि कडबा."

"कडबा?"

"कडबा लवकर पेट घेतो. तो कोणाचाही असू शकतो. प्रस्तुत बाबतीत तो तुमचा आहे."

सगळे रानात पोचले तेव्हा तिथे एक काळं वर्तुळ उरलं होतं आणि दोन म्हशी त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

"टोणग्या!" भाऊसाहेब ओरडले. "शेवट आधी सांगायचा असतो! आधी शेवट!"

जालिंदरला फार वाईट वाटलं. त्या रात्री तो जेवला नाही. सोमवारी त्याने सरांना विचारलं. सरांना कडब्याचं काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "ज्याने कोणी सांगितलं, ते बरोबरच आहे. त्याला गोषवारा म्हणतात. शोधनिबंधाच्या डोक्यावर चार ओळींत सगळं सांगून टाकायचं, निष्कर्षासकट. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही."

जालिंदरने जुनी गाठ सोडली आणि नवी बांधली. दोन गाठी एकदम त्याला जमत नसत.

कावेरी तेव्हा विद्यार्थ्यांच्या वार्षिकांकाची संपादक होती. ती म्हणाली, "जालिंदर, अंकासाठी एक रहस्यकथा लिही. बाबांना रहस्यकथा फार आवडतात. छान झाली तर कडब्याचं विसरतील."

जालिंदरने जीव ओतून कथा लिहिली. नाव ठेवलं, "माडीवरचा खून". पहिली ओळ अशी होती: "हा खून दिवाणजीने इस्टेटीसाठी उशी दाबून केला असून शेवटी तो पकडला जातो." त्यानंतर वीस पानं इन्स्पेक्टर खुनी शोधत होता. दर पानाच्या शेवटी तो कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "कोण असेल बरं?"

भाऊसाहेबांनी कथा हाती घेतली. दुसऱ्या पानावर ते म्हणाले, "दिवाणजी." पाचव्या पानावर ते जोरात म्हणाले, "अरे, दिवाणजी!" दहाव्या पानावर त्यांनी अंक भिंतीवर फेकला. "ह्या इन्स्पेक्टरला कोणी नोकरी दिली? आणि कावेरे, तू ह्या पोराला नवरा करणार?"

कावेरी हसून हसून दमली होती, पण आता तिला काळजी वाटायला लागली. तिने जालिंदरला गाठलं. "अरे, पहिल्याच ओळीत ठोकून दिलंस! दिवाणजीनेच केला कशावरून? कोण म्हणतं? पुरावा काय?"

जालिंदर पुन्हा सरांकडे. सर खूश झाले. आपला विद्यार्थी अखेर योग्य प्रश्न विचारतो आहे, असं त्यांना वाटलं. "शाब्बास. कुठलंही विधान करताना आधार द्यायचा. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कधी म्हणालं. आणि उलट बाजूचं मत असेल तर तेही प्रामाणिकपणे नोंदवायचं. लपवायचं नाही."

गाठ बांधली गेली.

कावेरीने वडिलांना विनवून विनवून जालिंदरला पुरणपोळीच्या जेवणाला बोलवायला लावलं. पंगतीला कावेरीच्या आईचे, म्हणजे काकूंचे भाऊ, कावेरीचे मामाही होते. काकूंनी पोळीवर तूप सोडलं आणि मायेने विचारलं, "कशी झालीय रे पोळी?"

"पोळी उत्तम झाली आहे, असं भाऊसाहेब म्हणतात. हीच पंगत, दुसरी पोळी वाढताना."

काकूंना काही समजलं नाही. "आन आमटी?"

"आमटीबाबत दोन मतं आहेत. भाऊसाहेब तिला झकास म्हणतात. तथापि तुमच्या भावाने याच पंगतीत, तुम्ही पोळी आणायला आत गेल्यावर, ती म्हशीच्या पुढ्यात ठेवण्याजोगी आहे, असं म्हटलं आहे."

मामांना ठसका लागला. काकूंनी त्यांच्या पुढची वाटी उचलून नेली. भाऊसाहेबांनी घाईघाईने विषय बदलला. "आमटीचं ऱ्हाऊ दे. आमची कावेरी कशी वाटते ते सांग."

दाराआड कावेरी उभी होती. तिने कान टवकारले.

"कावेरी सुंदर आहे, असं तिची आई म्हणते. हुशार आहे, असं तिचे वडील म्हणतात. तथापि..."

"तथापि काय?"

"तथापि हे दोघे तिचेच आईवडील असल्याने त्यांचं म्हणणं जरा जपून घ्यावं लागतं. उलट मत पिठाच्या गिरणीवाल्याचं आहे. ती भांडखोर आहे, असं तो मंगळवारी दळण देताना म्हणाला."

दाराआडून भांडं आपटल्याचा आवाज आला. भाऊसाहेब पाटावरून उठलेच. "तुला सोताचे डोळे न्हाईत का? ह्यो काय म्हणतो, त्यो काय म्हणतो! सोता जा, सोताच्या डोळ्यांनी बघ, आन बघशील तेच सांग!"

जालिंदर दक्षिणा मिळाल्यासारखा हा उपदेश घेऊन सरांकडे गेला. सर टेबलावर हात मारून म्हणाले, "हाच तर क्षेत्रीय अभ्यास! आता लघुप्रबंध असाच लिही. गावात जा, स्वतः बघ."

लघुप्रबंधाचा विषय ठरला, "खरबवाडीतील लोकजीवन". जालिंदर गावात गेला. पहिलंच घर बंडूतात्यांचं लागलं. तो आत शिरला आणि सुट्टी संपेपर्यंत बाहेर आला नाही. बंडूतात्या चहा पीत, हा बघे. बंडूतात्या झोपत, हा बघे. बंडूतात्या न्हाणीत जात, तेव्हा हा दाराशी थांबे, आणि हे त्याने प्रबंधात अभ्यासाची मर्यादा म्हणून नोंदवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. त्यांनी चष्मा लावून प्रबंध उघडला आणि निष्कर्ष मोठ्याने वाचले.

"खरबवाडीतील शंभर टक्के लोक बशीतून चहा पितात. शंभर टक्के लोक डाव्या कानाने बहिरे आहेत. शंभर टक्के लोक विधुर आहेत." बाईंनी पान उलटलं. "शंभर टक्के लोकांचं नाव बंडूतात्या आहे."

कोठावदे सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"किती जणांना भेटलात आपण?" बाईंनी विचारलं.

"एकाला. पण स्वतःच्या डोळ्यांनी, बाई, अगदी नीट."

बाई प्रेमळ होत्या. त्यांनी हसू गिळलं आणि समजावलं. "बाळा, एकावरून कधीच मत द्यायचं नाही. किमान तीस जण तरी घ्यायचे. तुलना करायची. तोवर हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. सध्या काही सांगता येत नाही, असं म्हणावं. त्यात कसली लाज? जा, पुन्हा करून आण."

जालिंदर पुन्हा गावात गेला, तीस घरं फिरला. बाकीच्यांची नावं वेगवेगळी निघाली, हे पाहून तो थक्क झाला. त्याने सगळं नीट मांडलं, आणि काय सांगावं, तो पास झाला! जालिंदर ढोबळे, एम. ए.

आजवर सांगितलेलं ऐकून त्याच्या पदरी शिव्याच पडल्या होत्या. सांगितलेलं उपयोगी पडलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं. म्हणून ही गाठ त्याने दुहेरी बांधली.

भाऊसाहेब शब्दाला जागले. सुपारीचा मुहूर्त ठरला, ओट्यावर सतरंज्या अंथरल्या, गाव गोळा झालं. जालिंदरने गुलाबी फेटा बांधला होता. कोठावदे सरांना मानाने लोडाशी बसवलं होतं. आज पोराला काही शिकवून ठेवावं का, असं त्यांच्या मनात एकदा आलं. पण आज लिहायचं काहीच नाही, नुसतं "हो" म्हणायचं, त्यात शिकवायचं काय, म्हणून ते गप्प राहिले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.

कावेरी हिरवी साडी नेसून बाहेर आली. इतकी गोड दिसत होती, की गिरणीवाल्यानेही मान डोलावली. मामांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय जालिंदरराव, मुलगी पसंत आहे ना?"

जालिंदरने कावेरीकडे पाहिलं. त्याच्या पोटातून "हो" निघालं. छातीत आलं, घशात आलं, अगदी दातांपर्यंत आलं. तेवढ्यात त्याला परीक्षक बाई आठवल्या. त्याने ते गिळलं.

"सध्या काही सांगता येत नाही."

मामांनी विचारलं, "म्हंजे?"

"मी एकच मुलगी पाहिली आहे. एकीवरून मत देणं बरोबर होणार नाही. किमान तीस तरी बघायला हव्यात. मग तुलना करून कळवतो."

सरांच्या घशात पेढा अडकला. काकू मटकन खाली बसल्या. भाऊसाहेबांनी अडकित्त्यातली सुपारी काढून आपल्या खिशात घातली आणि बाह्या सरसावल्या. पण त्यांच्याआधी कावेरी पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

"जालिंदर, माझा नकार आहे. तूच मला पसंत नाहीस. कळलं?"

जालिंदरच्या काळजात चर्र झालं. मग त्याने स्वतःला धीर दिला, आणि तिलाही. "असं कसं? एकीच्या नकारावरूनही काही ठरत नाही, कावेरी."

"नाही ना? मग जा! बाकीच्या एकोणतीस जणींना विचारून ये तू पसंत आहेस का! त्याही नाहीच म्हणतील!"

ती आत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं.

जालिंदरला हे एकदम पटलं. आशेला जागा होती. कावेरीने काम सांगितलं आणि त्याने केलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. तो फेटा सावरत ओट्यावरून खाली उतरला आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.

तिथे गंगूआजी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात एकच दात, तोही हलणारा.

"आजी, मी तुम्हाला नवरा म्हणून पसंत आहे का?"

आजींनी त्याला खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. फेटा पाहिला. "शिकलायस किती?"

"एम. ए."

"दारू पितोस?"

"नाही."

"मारझोड?"

"छे छे."

आजींनी डोईवरचा पदर सारखा केला. "मंग पसंत हायेस," त्या म्हणाल्या.

जालिंदर उड्या मारत रस्त्यावर आला. भाऊसाहेब काठी शोधत होते, सर चपला शोधत होते. त्याने बंद दाराकडे बघून दोन्ही हात उंचावले आणि अख्ख्या खरबवाडीला ऐकू जाईल असा ओरडला:

"कावेरी, रडू नकोस! एकास एक झालंय! अजून अठ्ठावीस जणी बाकी आहेत!"