कर्नलसाहेबाचं अर्पण

गोऱ्या साहेबाच्या राज्यात नगरकडच्या एका ख्रिस्ती वाडीत सुगीचा सण चालला होता; सगळी वाडी पिकाचं अर्पण घेऊन देवळात जमली होती. तेवढ्यात घोड्यावरून कर्नलसाहेब आला. सरहद्दीवर पठाणांशी लढाई जुंपली होती आणि त्याला वाडीतले तरुण गडी हवे होते. पहिलंच नाव याकोबचं निघालं. त्याची बायको सुवार्ता तान्ही लेक कडेवर घेऊन उभी होती.

साहेबाने तलवार उपसली. "ही वेदीवर अर्पण ठेवू. तुमच्या रीतीप्रमाणे आशीर्वाद घेऊ, मगच निघू."

देवळाचे पाळकबुवा तलवार घ्यायला हात पुढे करणार, तोच सुवार्ता पुढे झाली.

"रीतीप्रमाणेच ना, साहेब?"

"अलबत! माझा शब्द आहे."

"मग ऐका. ज्याचं कुणाशी वाकडं असेल, त्याने आधी त्याच्याशी गोडी करायची, त्याला हाताला धरून इथे आणायचं, तेव्हाच अर्पण ठेवायचं. प्रभूचीच आज्ञा आहे. माझ्या या दोन जावा काल झिंज्या उपटत होत्या, आज हातात हात घालून आल्यात! तुमचं भांडण कुणाशी?"

"पठाणांच्या सरदाराशी," साहेब बोलून गेला.

"मग आणा की त्यांना! आम्ही थांबतो."

सगळं देऊळ खदखदून हसलं. पाळकबुवांनीही मान डोलावली. शब्द देऊन बसलेल्या साहेबाने तलवार म्यानात घातली आणि गडी न घेताच बाहेर जाऊन घोड्याला टाच मारली.

मागून सुवार्ता ओरडली, "साहेब, सरदारांना तिखट चालतं का, तेवढं कळवा हो!"

सरदार काही आला नाही. त्याची वाट बघत याकोब आणि बाकीचे गडी वाडीतच म्हातारे झाले.