डोहावरची गर्दी

पुलाखालच्या डोहात हैबती भोयाने चाळीस वर्षं जाळं टाकलं. वरच्या अंगाने नाल्याचं काळं पाणी यायला लागलं, तसं जाळं वर्षागणिक हलकं होत गेलं. हैबतीने पालिकेत खेटे घालून चपला झिजवल्या. शेवटी पालिकेला जाग आली, म्हणजे डोहावर फलक लागला: ‘मासेमारीचे उत्तम ठिकाण’!

उद्घाटनाला आयुक्तसाहेब आले. बघतात तर काय, शेकडो मासे पाण्यावर तोंडं काढून उभे! साहेब हरखले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय आजोबा, नदी मेली म्हणून ओरडत होतात ना? बघा, स्वागताला कशी गर्दी झालीय! टाका जाळं, फोटो होऊन जाऊ दे."

लोक हसले. हैबती माशांच्या धापा टाकणाऱ्या तोंडांकडे बघत राहिला. जाळं त्याने खांद्यावरून उतरवलंच नाही.

"साहेब, घर धुरानं भरलं की आतली माणसं खिडकीला तोंडं लावतात. त्याला तुम्ही स्वागत म्हणता?"

हसणं जागच्या जागी थांबलं. साहेबांचा चेहरा उतरला. तरी ते फणकारले, "म्हणजे जाळं टाकणार नाही?"

"उद्या या. जाळं लागणारच नाही."

साहेब काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी हैबती एकटाच टोपली घेऊन डोहात उतरला आणि पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे हाताने वेचत राहिला. चाळीस वर्षांत एवढे मासे त्याला कधी मिळाले नव्हते.