टेबलाखालची जागा

हे कुणाला सांगू नकोस असं भुरी मांजरीनं मला बजावलं होतं, तरी सांगते.

फार पूर्वी शाल्मली आपल्या तांबू कुत्र्याला घेऊन नूडल्सच्या एका साध्याशा हॉटेलात गेली. "एकदा जरी भुंकला, तर पुन्हा आणायचं नाही," मालकीण पेमाताई म्हणाल्या.

तांबू टेबलाखाली शिरला. तिथे भुरी बसली होती. खाली पडेल ते ज्याच्या पुढ्यात पडेल त्याचं, असा टेबलाखालचा रिवाज होता. भुरीला वाटेकरी नको होता. तो भुंकावा म्हणून ती चिडवू लागली.

"गळ्यात पट्टा बांधून आलास? अगदी नवरदेव दिसतोस. बोल की, का तुझ्या बाईंना विचारून बोलतोस?"

तांबूला उत्तर सुचलं होतं. पण त्याचं बोलणं माणसांना भुंकणंच वाटलं असतं.

इतक्यात एक लांब नूडल त्याच्या पंजाशी पडली. त्याने ती नाकाने भुरीकडे सरकवली.

भुरी जराशी ओशाळली. "तशीही तिखट आहे, तुला सोसली नसती," ती हळूच म्हणाली.

पुढच्या रविवारी तांबू आला, तेव्हा भुरी लोकांचे पाय लागतात त्या बाजूला अंग चोरून बसली होती. भिंतीकडची जागा तिने रिकामी ठेवली होती. तांबू तिथे टेकला, आणि भुरी त्याला म्हणाली की—

थांब हं, आई हाक मारतेय. हो आई, आले.