कोरड्या पट्टीवरचा पापुद्रा

“पण आक्का, रोज इतकी साफ करतोय, मग ही जखम भरत का नाही?”

विचारणारा निरंजन. नवाकोरा डॉक्टर, हात चलाख, आणि त्या हाताचा तोरा त्याहून मोठा. खाडीकाठच्या मठातल्या दवाखान्यात तो आक्कांकडे शिकायला आला होता. डॉक्टर आक्कांनी संसार सोडला, भगवी वस्त्रं घेतली, पण दवाखाना काही सोडला नव्हता.

धुकं अजून पाण्यावरच पसरून होतं. खिडकीजवळच्या खाटेवर धर्मा तांडेल पाय लांब करून पडला होता. होडीच्या खिळ्याने त्याची नडगी सोलवटली होती.

“आक्का, पाय कापाया लागंल का वो? होडी कोन चालवल मंग?”

निरंजनने कोरडी पट्टी चिमट्यात धरली आणि झटक्यात ओढली. धर्माने दातओठ आवळले. जखमेतून रक्त पाझरलं.

“बघा, कशी लालबुंद झाली! घाणीचा कण उरला नाही.”

टाकलेली पट्टी उचलून आक्कांनी उजेडात धरली आणि पाहत राहिल्या... दूर कुठेतरी वल्हं वाजलं, विरून गेलं.

“इकडे ये. हे काय चिकटलंय?”

कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी होतं. गुलाबी, ओलसर.

“घाण.”

“त्याची नवी कातडी आहे ती.”

“म्हणजे... कालच्या पट्टीवरही?”

“कालच्याही. परवाच्याही.”

निरंजनचं तोंड एवढंसं झालं.

आक्कांनी कोमट सलाइनने जखम हलकेच धुतली. व्हॅसलीन लावलेली जाळीदार पट्टी तिच्यावर अंथरली, वर जाड घडी ठेवली आणि सैलसं बांधलं. धर्माने या खेपेला हूं की चूं केलं नाही. त्याचे डोळे मिटत चालले होते.

“ताप चढला, वास आला, पट्टी भिजली, तर मला हाक मार. एरवी हात लावायचा नाही.”

“पण आत काय चाललंय, हे मला कळणार कसं?”

आक्कांनी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि भगव्या पदराच्या टोकाला बांधून टाकला.

धुकं उठत होतं. धर्मा घोरू लागला. निरंजन बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत बसला...

“आक्का, माझा चिमटा परत कधी देणार?”

“तो मागायचं विसरशील, तेव्हा.”